घरजावई याकुमो

परदेशी मास्तरकी करायला गेलेल्या माणसाला पहिला धक्का जेवणाचा बसतो, दुसरा भाषेचा आणि तिसरा न्हाणीघराचा, असं प्रवासवर्णनं वाचून वाचून आपलं ठाम मत झालेलं असतं. पण हे धक्के किरकोळ. महिन्याभरात अंगवळणी पडतात. खरा धक्का फार सावकाश येतो. जपानात गेलेल्या लाफ्कॅडिओ हर्न नावाच्या मास्तरला तो बसायला तेरा वर्षं लागली.

हा गृहस्थ मुळात कुठला म्हणायचा याचीच पंचाईत! बाप आयरिश, लष्करात डॉक्टर. आई ग्रीक. जन्म १८५० साली लेफकाडा नावाच्या ग्रीक बेटावर, म्हणून नाव लाफ्कॅडिओ. बालपण डब्लिनला, वार्ताहरकी अमेरिकेत. सोळाव्या वर्षी शाळेत खेळताना डावा डोळा गेला. एप्रिल १८९० मध्ये एका अमेरिकन मासिकासाठी लिहायला म्हणून तो योकोहामाला उतरला आणि बरोबरच्या चित्रकाराला आपल्यापेक्षा जास्त पैसे मिळतात हे कळताच त्याने मासिकाशी काडीमोड घेतला. (मराठी लेखकांना हे वाचून भरून येईल.) आता पोटाचं काय? मग अर्थातच मास्तरकी! जगातले निम्मे मास्तर याच वाटेने आले आहेत.

त्या सप्टेंबरात तो मात्सुए गावच्या शाळेत इंग्रजी शिकवू लागला. पगार महिना १०० येन. कागदोपत्री नाव जपानी लिपीत उतरवताना हर्नचं ‘हेरुन’ झालं, ते गावाच्या तोंडी कायमचं बसलं. गाव तळ्याकाठचं. पहाटे जाग यायची ती तांदूळ सडण्याच्या धपधप आवाजाने. मग देवळाची घंटा, भाजीवाल्यांच्या आरोळ्या, पुलावरून जाणाऱ्या लाकडी खडावांचा खडखडाट आणि उगवत्या सूर्यापुढे टाळ्या वाजवून हात जोडणारी माणसं. आपल्या कोकणातला एखादा अण्णा तिथे गेला असता तर “यात काय विशेष?” म्हणून कूस बदलून झोपला असता. हर्न मात्र वेडा व्हायचा बाकी राहिला. पानंच्या पानं लिहीत सुटला.

धक्के एकाच बाजूला बसतात असंही नाही. पुढे कुमामोतोच्या कॉलेजात विद्यार्थ्यांनी त्याला विचारलं, की गुरुजी, इंग्रजी कादंबऱ्यांत प्रेम आणि लग्न यांचाच एवढा सुळसुळाट का? आईबापांना सोडून माणसाने बायकोला धरून राहावं, हे बायबलातलं वचन तर त्यांना चक्क अनीतीचं वाटलं. आमच्या आजीने त्या पोरांच्या पाठीवरून हात फिरवला असता.

मात्सुएचा पहिला हिवाळा हर्नला बाधला. कागदी सरकत्या भिंती आणि मधोमध कोळशाची इवलीशी शेगडी, एवढ्यावर तिथली थंडी भागत नाही. तो आजारी पडला. १८९१ मध्ये सेत्सु कोइझुमी ही पडत्या काळातल्या सामुराई घराण्यातली मुलगी त्याच्या घरी कामकाज बघायला आली आणि घरधनीणच झाली. दोघांची मिळून एक मोडकीतोडकी जपानी तयार झाली. व्याकरण शून्य, पण संसार चालला. त्याच भाषेत ती त्याला भुताखेतांच्या गोष्टी सांगायची आणि तो त्या इंग्रजीत लिहायचा. ‘क्वाइदान’ हे त्याचं १९०४ चं पुस्तक असंच झालं.

मूल झालं तशी कायद्याची चिंता लागली. परदेशी म्हणून मेलो तर माझं चंबूगबाळं बायकोमुलांना मिळणार कसं? तेव्हा १८९६ साली तो रीतसर सासरच्या घराण्यात दाखल झाला आणि जपानी नागरिक बनला. नवं नाव कोइझुमी याकुमो. आपल्या भाषेत सांगायचं, तर घरजावई!

आणि इथेच गोम आहे. जावयाला पाट-रांगोळी असते, घरजावयाच्या हाती बाजाराची पिशवी. त्या काळचं जपानी सरकार परदेशी मास्तरांना घसघशीत पगार देई ते परदेशी म्हणून, आणि आपली माणसं तयार होईपर्यंतच. धोरण म्हणून ते शहाणपणाचंच होतं. आपणही तेच केलं असतं. पण हर्न टोकियोच्या विद्यापीठात महिना ४०० येनवर शिकवत होता, आणि आता तो कागदोपत्री ‘आपला माणूस’ होता. १९०३ साली करार संपल्याची चिठ्ठी हातात पडली. विद्यार्थ्यांनी गिल्ला केला, तेव्हा कमी तास आणि कमी पगार अशी तडजोड पुढे आली. हर्नने ती नाकारली. जपानवर जीव ओवाळून टाकलेल्या माणसाला हे पत्र कसं लागलं असेल, हे नोकरी गेलेल्या कुणालाही विचारा. सप्टेंबर १९०४ मध्ये, चोपन्नाव्या वर्षी, हृदयविकाराने तो गेला.

त्याच्या जागी जे आले त्यांत एक होते नात्सुमे सोसेकी. पुढे मोठे कादंबरीकार झालेले. सरकारने त्यांना दोन वर्षं लंडनला शिकायला पाठवलं होतं आणि तिथे ते इतके कष्टी झाले, की डोकं फिरल्याची आवई टोकियोपर्यंत पोचली. एकदा रस्त्यात समोरून एक बुटका, विचित्र माणूस येताना त्यांना दिसला. जवळ जाऊन बघतात तो आरसा! विद्यापीठात त्यांना पगार मिळाला वर्षाला ८०० येन, म्हणजे हर्नच्या दोन महिन्यांचा. आणि वर्गातल्या पोरांना अजून हर्नच हवा होता.

दोघेही टोकियोतल्या झोशिगाया स्मशानभूमीत आहेत. हर्नच्या थडग्यावर नाव आहे कोइझुमी याकुमो.