मातीतील शिसे आणि लहान मुले: पालकांनी काय लक्षात घ्यावे?

शिसे, म्हणजेच लेड, या जड धातूचा शरीराला काहीही उपयोग नाही. तो शरीरात येतो कुठून, असे विचारले की जुना रंग किंवा पाण्याचे पाइप ही उत्तरे मिळतात. अंगणातली माती सहसा कोणाला आठवत नाही.

अमेरिकेतील शास्त्रज्ञ हॉवर्ड मील्की यांनी सहकाऱ्यांसह बाल्टिमोर परिसरातील परसबागांची माती तपासली. हे संशोधन १९८३ मध्ये प्रसिद्ध झाले. तेव्हा मुलांच्या रक्तातील शिशाचा दोष मुख्यतः घरांच्या जुन्या रंगाला दिला जाई. पण सर्वाधिक शिसे सापडले ते शहराच्या मध्यभागी, जिथे बरीच घरे न रंगवलेल्या विटांची होती. रंगवलेल्या लाकडी घरांच्या बाहेरच्या भागात माती त्या मानाने स्वच्छ होती. रंगाने याचा उलगडा होत नव्हता, वाहनांच्या धुराने होत होता. त्या काळी पेट्रोलमध्ये शिशाचे संयुग मिसळत आणि सर्वात जास्त वर्दळ शहराच्या मध्यभागीच असे.

पुढे न्यू ऑर्लिन्समध्ये त्यांनी शहरभर मातीतील शिशाचे नकाशे तयार केले. काही पाळणाघरांच्या मैदानांवर सुमारे १५ सेंटीमीटर जाडीचा नदीच्या स्वच्छ मातीचा थर टाकून पाहिला. कत्रिना वादळापूर्वीचे आणि नंतरच्या काही वर्षांतले आकडे त्यांच्या गटाने २०१९ मध्ये मांडले. मातीतील शिसे बरेच उतरले होते, आणि मुलांच्या रक्तातील मध्यक पातळी ३.६ वरून १.२ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटरवर आली होती. सगळी घट मातीमुळेच झाली असे म्हणता येणार नाही, पण दोन्ही आलेख एकाच दिशेने गेले.

आपल्याकडे शिसेयुक्त पेट्रोल २००० साली बंद झाले. मात्र शिसे कुजत नाही की विरत नाही. जुन्या हमरस्त्यांच्या कडेला, आणि विशेषतः जुन्या बॅटऱ्या फोडून शिसे वितळवण्याचे काम चालते तिथे, ते मातीत राहते. अशा ठिकाणी काम करणारी व्यक्ती कपड्यांवरून, चपलांवरून ते घरीही आणते.

मुलांनाच जास्त धोका का?

रांगणारे मूल हात, खेळणी, सगळे तोंडात घालते. तेवढेच शिसे पोटात गेले तरी मोठ्यांच्या चार ते पाच पट शिसे त्याच्या शरीरात शोषले जाते. लोह किंवा कॅल्शियम कमी असेल तर आणखी जास्त. इथेच आपल्याकडचा पेच आहे. रक्तक्षय असलेली मुले माती खातात, आणि रक्तक्षयामुळेच त्या मातीतले शिसे अधिक शोषले जाते. माती खाणाऱ्या मुलाला जंताचे औषध दिले की विषय संपला, असे अनेक घरांत मानतात. तो तिथे संपत नाही. गरोदरपणात भाजकी माती खाणाऱ्या स्त्रियांनीही हे डॉक्टरांना संकोच न करता सांगावे, कारण शिसे वारेतून बाळापर्यंत पोहोचते.

लक्षणे बहुधा दिसतच नाहीत. चिडचिड, बद्धकोष्ठता, पोटात वारंवार कळा, अभ्यासात मागे पडणे, लोहाचे औषध नीट घेऊनही हिमोग्लोबिन न वाढणे, अशा तक्रारींत शिशाचा विचार करावा लागतो. निदान रक्तातील शिशाच्या तपासणीनेच होते आणि त्यासाठी शिरेतून रक्त घेणे चांगले. केसांच्या तपासणीवर पैसे घालवू नका. शिशाची सुरक्षित अशी पातळीच नाही. तरी जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ५ किंवा त्याहून जास्त आल्यास स्रोत शोधून तो बंद करावा. मुलांमध्ये ४५ किंवा त्यापुढे शिसे बाहेर काढणारी औषधे लागतात, तीही तज्ज्ञांच्या देखरेखीखाली. कोथिंबिरीचा रस किंवा 'डिटॉक्स'च्या गोळ्या हे उपचार नव्हेत.

घरी काय करता येईल? जेवणापूर्वी साबणाने हात धुवा, खेळणीही धुवा. कोरडा झाडू मारण्याऐवजी ओल्या फडक्याने फरशी पुसा. चपला दाराबाहेर ठेवण्याची आपली जुनी सवय इथे खरेच कामाची आहे. पालेभाज्या दोन-तीन पाण्यांतून धुवा, कारण उकळल्याने शिसे जात नाही. बॅटरीच्या कामावरून आलेल्यांनी आंघोळ करून, कपडे बदलूनच बाळाला घ्यावे आणि ते कपडे वेगळे धुवावेत. घरात कोणी असे काम करत असेल, तर मुलाला तपासायला आणताना ते डॉक्टरांना आधी सांगा.