तळटीप : भट्टी आणि उचल

* भट्टी लावली : ठाणे-रायगडकडच्या या भट्टीला वेगळे बांधकाम नसते, वाळलेल्या कच्च्या विटा रचूनच ती उभी राहते. दिवाळीनंतर शेते मोकळी झाली की माती खणून भिजवतात आणि तिच्यात भाताचे तूस व राख तुडवतात. नुसती चिकण माती वाळताना आक्रसून तडकते. या भरीने ते टळते. शिवाय तूस विटेच्या पोटातच जळत असल्याने आच गाभ्यापर्यंत पोचते. चुनखडीचे खडे मात्र वेचून काढावेच लागतात. भट्टीत त्यांचा कळीचा चुना होतो आणि पुढे ओल लागताच तो फुगून बांधलेल्या भिंतीतली वीट फोडतो. साच्यात थापलेल्या विटा उन्हात सुकवून, थरांमध्ये कोळसा पसरत रचतात व बाहेरून मातीने लिंपतात. तळाची आग थराथराने वर चढते. आच साधारण ९०० ते १००० अंश सेल्सियस. तांबडा रंग मातीतल्या लोहाचा. अति भाजून वेड्यावाकड्या झालेल्या विटा म्हणजे खंगर.

थापणारी माणसे या भागात बहुधा कातकरी. पुढील प्रकरणातली ‘उचल’ म्हणजे हंगामापूर्वी त्यांनी घेतलेली आगाऊ रक्कम. ती मजुरीतून वळती होते आणि फिटली नाही तर सगळे कुटुंब पुढच्या हंगामालाही त्याच मालकाकडे अडकते. कर्जापोटी असे राबवून घेणे १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने गुन्हा आहे. – संपा.