‘अॅब्हॉर’ : एका तिरस्कारवाचक शब्दाचा राजकीय इतिहास

इंग्रजीतील ‘हेट’, ‘लोद’, ‘डिटेस्ट’ व ‘अॅब्हॉर’ ही क्रियापदे महाविद्यालयीन अध्यापनात बहुधा ‘द्वेष करणे’ या एकाच अर्थावर आटोपली जातात. व्युत्पत्ती मात्र निराळे सांगते. पहिले दोन शब्द जुन्या इंग्रजीतील असून ‘लोद’मध्ये किळस, शिसारी यांची छटा अधिक आहे. उर्वरित दोन लॅटिन वंशाचे आहेत. ‘डिटेस्ट’च्या मुळाशी देवतेला साक्षी ठेवून शाप देण्याची कल्पना आहे, तर ‘अॅब्हॉर’च्या मुळाशी अंगावर काटा येऊन मागे सरण्याची. सतराव्या शतकातील इंग्लंडमध्ये हे लॅटिन शब्द भावनेपेक्षा निष्ठेचे निदर्शक बनले, आणि त्यांचा जाहीर उच्चार ही एक राजकीय कृती ठरली.

१६०५ च्या दारूगोळा कटानंतर पहिल्या जेम्सच्या राजवटीत, १६०६ साली, कॅथलिक प्रजेसाठी निष्ठेची शपथ आली. पोपने बहिष्कृत केलेल्या राजाला प्रजा पदच्युत करू शकते अथवा ठार मारू शकते, हे मत आपण मनापासून ‘अॅब्हॉर’ व ‘डिटेस्ट’ करतो आणि शपथेवर त्यागतो, असे तीत म्हणावे लागे. मनात काय आहे हे कायद्याला तपासता येत नव्हते. म्हणून शब्दच वदवून घेतला गेला.

या शब्दाचे खरे राजकारण १६७९-८० मध्ये दिसते. कॅथलिक असलेल्या जेम्स, ड्यूक ऑफ यॉर्क याला वारसाहक्कातून वगळण्याचा वाद पेटला होता. १६७९ मध्ये निवडून आलेली नवी संसद दुसऱ्या चार्ल्सने वारंवार लांबणीवर टाकली. ती भरवावी म्हणून सह्यांचे अर्ज निघू लागले. राजाने डिसेंबर १६७९ मध्ये त्याविरुद्ध जाहीरनामा काढला. त्यापाठोपाठ राजनिष्ठांची प्रतिनिवेदने आली. अशा अर्जांविषयी आपणांस ‘अॅब्हॉरन्स’ वाटतो, असा त्यांचा आशय होता. त्यावरून अर्जदार ‘पिटिशनर्स’ आणि त्यांचे विरोधक ‘अॅब्हॉरर्स’ म्हणून ओळखले जाऊ लागले. एका पक्षाची ओळख त्याच्या मागणीवरून, तर दुसऱ्याची केवळ त्याच्या तिटकाऱ्यावरून ठरावी, हे लक्षणीय होय.

हा तिटकारा महागही पडला. ऑक्टोबर १६८० मध्ये संसद भरताच कॉमन्स सभागृहाने अर्ज करणे हा प्रजेचा निःसंशय हक्क असल्याचा ठराव केला आणि राजाला असे प्रतिनिवेदन सादर करणारे सदस्य सर फ्रान्सिस विदन्स यांना सभागृहातून काढून टाकले. (पुढे १६८३ मध्ये ते किंग्ज बेंच न्यायालयाचे न्यायाधीश झाले, म्हणजे राजदरबारी त्यांचे फारसे बिघडले नाही.)

१६८९ च्या हक्कांच्या सनदेने राजाकडे अर्ज करण्याचा अधिकार मान्य केला. त्याच सनदेतील नव्या शपथेत मात्र १६०६ चे ते शब्द जवळजवळ तसेच राहिले. नुकत्याच एका राजाला सिंहासनावरून दूर सारलेल्या संसदेने राजाच्या पदच्युतीविषयीचे मत पुन्हा ‘अॅब्हॉर’ करवून घेतले! अर्थात तेथे निषेध पोपच्या अधिकाराचा होता, संसदेच्या नव्हे. तोवर ‘अॅब्हॉरर्स’ हे नाव मागे पडून ‘टोरी’ हे नाव रूढ झाले होते. मुळात ती आयरिश लुटारूंसाठी वापरली जाणारी शिवी होती.