पाऱ्याच्या नळीचा वारस

नांदेड समुद्रसपाटीपासून साधारण ३६० मीटरवर आहे. लातूर बालाघाटाच्या पठारावर, त्याहून निदान दीडशे मीटर उंच. लोहा-अहमदपूर मार्गे जाताना गाडीतल्या माणसाला हा चढ फारसा जाणवत नाही. इंजिनाच्या इंटेकवर बसवलेल्या, तिथल्या हवेचा दाब मोजणाऱ्या मॅप सेन्सरला मात्र जाणवतो.

जाणवणारच, तो पडला वायुभारमापकाच्या घराण्यातला. १६४३ मध्ये तोरिचेल्लीने पाऱ्याच्या नळीत हवेचा भार मोजला. १८४४ मध्ये ल्युसियाँ विदी या फ्रेंच माणसाने पारा काढून टाकला आणि हवा उपसलेली पातळ धातूची डबी वापरली. बाहेरचा दाब वाढला की डबी चेपायची. अशीच डबी १९६७ मध्ये बॉशच्या डी-जेट्रॉनिक या पेट्रोल-इंजेक्शन यंत्रणेतून फोक्सवॅगन १६०० मध्ये शिरली. इंटेकमधला दाब, हवेचं तापमान आणि इंजिनाचे फेरे कळले की सिलिंडरात किती हवा जाते याचा हिशेब लागतो आणि पेट्रोल त्या मापानेच सोडता येतं. कार्बोरेटरला इतकं काटेकोर कधीच जमलं नाही.

डबीची जागा पुढे सिलिकॉनने घेतली. ताण आला की सिलिकॉनचा विद्युतरोध बदलतो, हे बेल लॅब्जच्या चार्ल्स स्मिथने १९५४ मध्येच दाखवलं होतं. आजच्या सेन्सरात सिलिकॉनचा पातळ पडदा असतो. त्याच्या एका अंगाला बंद निर्वात पोकळी, दुसऱ्या अंगाला इंटेकची हवा. पडदा वाकेल तसं व्होल्टेज बदलतं आणि ते ईसीएम, म्हणजे इंजिनाचा संगणक, वाचतो. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे उत्सर्जन मानक सक्तीचं झालं, तेव्हा आपल्या बहुतेक नव्या मोटारसायकलींतूनही कार्बोरेटर गेला आणि हा सेन्सर आला.

सेन्सर बदलायची वेळ आली, तर नवा घेताना सॉकेट बसतंय एवढंच पाहून भागत नाही. टर्बो नसलेल्या पेट्रोल गाडीला साधारण एक बारचा सेन्सर पुरतो, टर्बो डिझेलला अडीच-तीन बारचा लागतो, आणि दोन्ही दिसायला सारखे असू शकतात. चुकीचा बसला तर ईसीएमचं गणित बिघडतं, ॲव्हरेज पडतं. म्हणून जुन्यावरचा पार्ट नंबर जुळवूनच घ्यावा. चार पिनांचा असेल तर त्यात बहुधा तापमानाचा सेन्सरही असतो. त्या जागी तीन पिनांचा चालत नाही.

पैसे खर्चण्याआधी इंजिन बंद ठेवून नुसती किल्ली ऑन करा. स्कॅनरवर नांदेडला ९७ आणि लातूरला ९५ किलोपास्कलच्या आसपास आकडा दिसायला हवा. पेट्रोल गाडी आयडलला ३०-४० पर्यंत उतरते. किल्ली ऑनला आकडा बरोबर आणि आयडलला चढा असेल, तर मिस्त्रीला आधी इंटेकची रबरी नळी आणि गॅस्केट तपासायला सांगा.