डिझेल पंपाची गळती : घरी काय करावे, काय टाळावे

- प्रतिनिधी

रात्रभर उभ्या असलेल्या मोटारीखाली सकाळी दिसणारा तेलकट डाग आणि बॉनेट उघडताच येणारा डिझेलचा उग्र वास, ही इंधनपंप गळू लागल्याची खूण मानली जाते. गॅरेजमध्ये त्यावर मिळणारे उत्तरही बहुधा ठरलेले असते : 'पंप उतरवावा लागेल.' पंप उतरवणे, पंप-नोझलच्या दुकानात तो खोलून टेस्ट बेंचवर कॅलिब्रेट करणे आणि टायमिंग जुळवून पुन्हा बसवणे, हा बराच खर्चाचा व वेळखाऊ मामला आहे. प्रत्यक्षात गळणारी वस्तू अनेकदा तांब्याची एखादी चाकी किंवा वीतभर रबरी नळी एवढीच असते. त्यामुळे पाना हाती घेण्यापूर्वी गळतीची नेमकी जागा शोधणे हेच या दुरुस्तीतील खरे काम होय.

येथे विचार केला आहे तो जुन्या मोटारींतील यांत्रिक रोटरी पंपाचा, विशेषतः बॉश कंपनीच्या 'व्हीई' प्रकारच्या पंपाचा. १९७० च्या दशकात आलेला हा पंप जगभरच्या लहान डिझेल मोटारींत वापरला गेला. आपल्याकडे १९९८ च्या अखेरीस दाखल झालेल्या टाटा इंडिकासारख्या मोटारींतही रोटरी पंपच होता. १९५१ मध्ये बंगळूर येथे स्थापन झालेल्या मोटर इंडस्ट्रीज कंपनीचे नाव २००८ मध्ये बॉश लिमिटेड झाले. पण जुने मिस्त्री अजूनही 'मायको पंप' असेच म्हणतात. नव्या कॉमन रेल इंजिनांना मात्र यातील काहीही लागू नाही. त्यांतील दाब हजार बारच्याही पुढे जातो आणि त्यांच्या नळ्यांना घरी हात लावू नये.

तीन दाब, तीन प्रकारची गळती

टाकीपासून पंपापर्यंत डिझेल ओढले जाते, म्हणजे तेथे दाब नसून ओढ असते. पंपाच्या पोटात पात्यांचा लहान पंप डिझेलला काही बार इतका दाब देतो. तेथून दट्ट्या ते इंजेक्टरच्या लोखंडी नळ्यांत ढकलतो व तेथे दाब शंभर बारच्या वर जातो. ही रचना ध्यानात घेतली की लक्षणे वाचता येतात. ओढीच्या बाजूला भेग असेल तर इंजिन चालू असताना डिझेल बाहेर ठिबकत नाही. उलट आत हवा शिरते. सकाळी बराच वेळ सेल्फ मारावा लागणे, सुरू होऊन बंद पडणे, पांढरा धूर येणे ही त्याची चिन्हे. मिस्त्री याला 'पंप हवा धरतो' म्हणतात. ही कोरडी गळती सर्वांत अधिक फसवणारी असते. पंपाच्या येणाऱ्या नळीत तात्पुरता पारदर्शक नळीचा तुकडा बसवला की वाहणारे बुडबुडे डोळ्यांना दिसतात.

ओली गळती शोधण्याची रीत साधी आहे. इंजिन थंड असताना पंप डीग्रीझरने किंवा ब्रशने स्वच्छ धुवावा, पूर्ण वाळू द्यावा आणि त्यावर खडूची पूड किंवा टाल्कम पावडर भुरभुरावी. पट्ट्याच्या बाजूला मात्र ती उडू देऊ नये. खाली कोरा पुठ्ठा ठेवून इंजिन दहा मिनिटे मंद गतीवर चालवावे. जेथे पूड प्रथम ओली होते ती गळतीची जागा. पुठ्ठ्यावरचा थेंब पाहून निष्कर्ष काढणे चुकीचे, कारण वरच्या झाकणातून निघालेले डिझेल पंपाच्या पोटावरून घरंगळत सर्वांत खालच्या बोल्टावर जमते. निरपराध बोल्ट आवळून ठेवण्याचे प्रकार त्यामुळेच घडतात.

हे पाहताना इंजेक्टरच्या नळीजवळ बोट कधीही नेऊ नये. सुईसारखी बारीक धार कातडीखाली शिरू शकते. जखम टाचणीच्या टोकाएवढी दिसते आणि सुरुवातीला फारशी दुखतही नाही, पण आतील ऊती मरू लागतात व वेळ गेल्यास बोट गमवावे लागते. असे झाल्यास थांबून न पाहता तत्काळ रुग्णालय गाठावे आणि 'दाबाखालील डिझेल आत गेले आहे' असे स्पष्ट सांगावे. 'डिझेल पेटत नाही' हाही एक गैरसमज. भारतीय मानकानुसार त्याचा प्रज्वलनांक किमान ३५ अंश सेल्सिअस असावा लागतो, आणि बॉनेटखालचे तापमान सहज त्याहून अधिक असते. बॅटरीची ऋण तार काढून ठेवणे आणि विडी-सिगारेट दूर ठेवणे एवढे तरी पाळावेच.

घरी होण्याजोगे

सर्वांत सोपी गळती रिटर्न नळ्यांची. कापडी आवरणाच्या या बारीक नळ्या उष्णतेने कडक होऊन टोकाला चिरतात. त्या एकत्रच बदलाव्यात. त्यानंतर पंपाच्या येण्या-जाण्याचे बँजो बोल्ट. त्यांच्या दोन्ही बाजूंना तांब्याच्या चाक्या असतात व त्या प्रत्येक वेळी नव्या घालाव्यात. येथे एक खबरदारी महत्त्वाची आहे. रिटर्नच्या बोल्टला आत अतिशय बारीक छिद्र असते व डोक्यावर बहुधा इंग्रजीत 'आउट' कोरलेले असते. दोन्ही बोल्टांची अदलाबदल झाली तर पंपातील दाबच बिघडतो आणि चांगला पंप नादुरुस्त ठरवला जातो.

इंजेक्टर नळीचा नट पाझरत असेल तर दोन पाने वापरावेत. एकाने पंपाकडील डिलिव्हरी व्हॉल्व्हचा धारक स्थिर धरून दुसऱ्याने नट फिरवावा. अति आवळल्यास नळीचे टोक चिरते. टेफ्लॉन टेप, एम-सील वगैरे येथे पूर्ण वर्ज्य. टेपचा एक तंतूही नोझल बंद करू शकतो. गळक्या टाकीवर साबण चोळण्याची जुनी युक्ती घरापर्यंत पोहोचवते हे खरे, पण पंपावर तिचा काही उपयोग नाही.

ॲक्सिलरेटरच्या दांड्याखालची ओ-रिंग हे गळतीचे आणखी एक नेहमीचे ठिकाण. वरचे झाकण काढून ती बदलता येते, मात्र हात बसलेला असावा. दांड्यावरील खाचा आणि लिव्हर यांवर आधी खूण करावी व छायाचित्र काढावे, कारण एक खाच चुकली तरी इंजिन नको तेवढे भरधाव होते. झाकण सरळ उचलू नये. त्याच्या आतल्या बाजूला गव्हर्नरची स्प्रिंग अडकवलेली असते. डिझेलचे प्रमाण ठरवणारा स्क्रू शक्यतो हलवू नये.

नवे सील घेताना पंपावरील पट्टीचा दहा अंकी क्रमांक (व्हीई पंपांचा तो ०४६० ने सुरू होतो) दुकानदाराला दाखवावा आणि व्हिटॉनचे सील मागावेत. यामागे कारण आहे. आपल्याकडील डिझेलमधील गंधकाची मर्यादा भारत स्टेज-३ मध्ये दशलक्षात ३५० भाग होती, स्टेज-४ मध्ये ५० झाली आणि १ एप्रिल २०२० पासून देशभर लागू झालेल्या स्टेज-६ मध्ये १० वर आली. गंधक काढताना डिझेलमधील ॲरोमॅटिक घटकही घटू शकतात. जुन्या नायट्राइल रबराला हेच घटक फुगवून ठेवत असत. ते कमी झाले की झिजलेले रबर आक्रसते. अमेरिकेत १९९३ मध्ये कमी गंधकाचे डिझेल आल्यावर जुने पंप गळू लागल्याच्या तक्रारी आल्या होत्या, त्या यामुळेच.

येथे थांबावे

डिलिव्हरी व्हॉल्व्ह बसलेल्या हेडभोवतीची ओ-रिंग गळत असेल तर मोह आवरावा. हेड थोडे अधिक बाहेर आले की आतील सुटे भाग जागचे सरकतात व मग पूर्ण पंप खोलावाच लागतो. दट्ट्या आणि त्याचे घर यांतील अंतर काही मायक्रॉनचे असते. अंगणातील धूळ त्याला पुरेशी घातक आहे.

पुढच्या शाफ्टचे ऑइल सील गेले असेल तर गाडी चालवणेही थांबवावे. पंप टायमिंग बेल्टवर चालत असल्यास डिझेलने भिजलेला पट्टा दात सोडतो आणि व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात. गिअरवर चालणाऱ्या पंपात हेच डिझेल मुकाट्याने इंजिन ऑइलमध्ये उतरते. डिपस्टिकवर ऑइलची पातळी कमी होण्याऐवजी वाढलेली दिसली व त्याला डिझेलचा वास आला, तर इंजिन सुरू करू नये. पातळ झालेल्या ऑइलने बेअरिंग जळतात.

काम झाल्यावर नळ्यांतील हवा काढावी लागते. फिल्टरवरील हातपंप कडक होईपर्यंत दाबावा, इंजेक्टरकडील नट एक फेरा सैल करावेत आणि चेहरा दूर ठेवून सेल्फ मारावा. एका वेळी पंधरा सेकंदांपेक्षा अधिक नको. नटाजवळ बुडबुड्यांविना डिझेल दिसले की ते आवळावेत. सांडलेले डिझेल लाकडाच्या भुशात टिपून घ्यावे, मोरीत वा गटारात सोडू नये. दोन दिवस गाडी चालवून पुन्हा पूड भुरभुरावी व पाहावे. नव्या चाक्या बसल्यानंतर बोल्ट किंचित आवळावा लागणे स्वाभाविक आहे.