अँपिअरचा आकडा आणि तांब्याचा हिशेब

घरी सोल्डरिंग स्टेशन बांधायला निघालेल्या माणसाला मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर काय किंवा पुण्याच्या बुधवार पेठेत काय, एक सल्ला नेहमी ऐकू येतो: २४-०-२४, ५ अँपिअरचा ट्रान्सफॉर्मर घ्या, जड असेल तेवढा चांगला. हे मत निराधार नाही. हाको ९०७ जातीच्या हँडलचे रेटिंग २४ व्होल्ट, ५० वॅट असते. पण त्यातला सिरॅमिक हीटर थंड असताना मीटर लावला, तर रेझिस्टन्स जेमतेम ३ ओहम भरतो. २४ भागिले ३, म्हणजे ८ अँपिअर. एवढा प्रवाह ओढणाऱ्या हीटरला ३ अँपिअरचा ट्रान्सफॉर्मर कसा पुरेल, हा पूर्वपक्ष. तो गणितावर उभा आहे, तेव्हा त्याचे खंडनही गणितानेच व्हायला हवे.

ट्रान्सफॉर्मरवर छापलेला अँपिअरचा आकडा सांगतो तो एवढेच, की तासन्‌तास तेवढा प्रवाह वाहिला तरी वाइंडिंगचे इन्सुलेशन जळणार नाही. थोडा वेळ त्याहून जास्त ओढला तर ट्रान्सफॉर्मर तोही देतो. फक्त व्होल्टेज उतरते. २४ व्होल्ट, ३ अँपिअरचा ट्रान्सफॉर्मर भाराविना साधारण २६.७ व्होल्ट देतो असे धरा. पूर्ण भारावर २.७ व्होल्ट पडतात, म्हणजे वाइंडिंगचा आतला रेझिस्टन्स ०.९ ओहम. त्याला ३ ओहमचा थंड हीटर जोडला, तर प्रवाह ६.८ अँपिअरच्या आसपास जातो आणि हीटरला पहिल्या क्षणी १४० वॅट मिळतात. ७२ व्हीएचा ट्रान्सफॉर्मर ५० वॅटच्या हीटरला १४० वॅट देतो, ही तक्रारीची बाब नव्हे.

यात वाइंडिंग जळेल का? तांब्यात ४२ वॅट जिरतात. हीटर तापतो तसा त्याचा रेझिस्टन्स वाढतो आणि प्रवाह उतरतो. तरी तो अर्धा मिनिट उतरलाच नाही असे धरू. पाव किलो तांब्याचे तापमान त्याने १३-१४ अंशांनी वाढेल. पुढे बिट ३५० अंशांवर नुसता धरून ठेवायला साधारण १०-१५ वॅट लागतात. जाड तांब्याच्या प्लेटवर काम करताना मागणी वाढते, पण तीही सलग नसते. ट्रान्सफॉर्मर तापतो तो या सरासरीने, शिखराने नव्हे. ८ अँपिअरचा विचार ट्रायॅक, ब्रिज आणि तारा निवडताना जरूर करावा. पूर्वपक्षाचा तेवढा भाग खरा आहे. प्रायमरीला स्लो-ब्लो फ्यूज लावावा, तोही याच कारणाने.

२४-०-२४ चा आग्रह तर सरळ पैशांचे नुकसान आहे. हीटरला २४ व्होल्ट हवेत, म्हणून त्या ट्रान्सफॉर्मरचा एकच अर्धा भाग वापरला जातो आणि उरलेले तांबे नुसते वजन वाढवते. १२-०-१२ घेऊन मधली तार इन्सुलेट करून सोडून द्या. टोकांच्या दोन तारांत २४ व्होल्ट मिळतातच, तेही निम्म्या व्हीएच्या किमतीत.

मात्र आकार कमी पडतो अशी एक जागा आहे, आणि प्रचलित सल्ला नेमका तिथे गप्प बसतो. अनेक जण सेकंडरीला ब्रिज आणि मोठा कॅपॅसिटर लावून हीटरला 'शुद्ध' डीसी देतात. २४ व्होल्ट एसीचे शिखर ३४ व्होल्टचे. डायोडमधले नुकसान वजा करून कॅपॅसिटरवर ३२ उरतात. टी१२ जातीचा बिट सुमारे ८ ओहमचा. २४ व्होल्टला तो ७२ वॅट घेतो, ३२ व्होल्टला १२८. शिवाय कॅपॅसिटर शिखरापाशीच घोट घेतो, त्यामुळे वाइंडिंगमधला आरएमएस प्रवाह डीसीच्या सुमारे १.६ पट होतो. ३ अँपिअरच्या वाइंडिंगमधून सतत १.९ अँपिअर डीसीच घेता येतो. हीटरला या गुळगुळीतपणाची गरजच नाही. त्याला कळते ती फक्त उष्णता. कॅपॅसिटर हवा तो कंट्रोलरला, आणि तो वेगळ्या डायोडमागे छोटासा पुरतो. बोर्ड डीसीच मागत असेल तर १८ व्होल्टची सेकंडरी घ्या: शिखर २५.५, डायोड वजा जाता २४.

सिद्धांत असा: आधी हीटरचा रेझिस्टन्स मोजा, मग त्याला एसी देणार की कॅपॅसिटरमागचा डीसी ते ठरवा, आणि अँपिअर शेवटी बघा. ट्रायॅकवर चालणाऱ्या ९०७ ला १२-०-१२, ३ अँपिअर भरपूर झाला. वाचलेले पैसे प्रायमरी-सेकंडरी वेगवेगळ्या कप्प्यांत गुंडाळलेल्या ट्रान्सफॉर्मरवर आणि बिटाच्या पक्क्या अर्थिंगवर खर्च करावेत. जास्तीच्या किलोभर लोखंडाने हात सुरक्षित राहत नाही. तो या दोन गोष्टींनी राहतो. आपल्याकडे विद्यार्थी खिशातल्या पैशांतून हत्यारे बांधतात. त्यांना वजनाऐवजी हिशेब शिकवणे हे आपले कर्तव्य आहे.