बालकाच्या मागें जाणारी शाळा

ज्युबिलीच्या वर्षीं मागें वळून पाहण्याची आपल्यांत चाल आहे. मंदिर केव्हां उभें राहिलें, घंटा कोणीं अर्पण केली, कोणाच्या श्रमानें भिंती चढल्या, हें आपण आदरानें स्मरतों. तें योग्यच आहे. परंतु वाचकहो, प्रभूनें शिष्यांच्या मध्यभागीं ज्यास उभें केलें, त्या बालकाच्या शिक्षणाचा इतिहासही या प्रसंगीं स्मरावा, असें आम्हांस वाटतें.

तिरोडा तालुक्यांतील चोरखमारा हें गांव पुष्कळांस तेथील तलावामुळें व नागझिरा अभयारण्याच्या प्रवेशद्वारामुळें ठाऊक आहे. आम्हांस मात्र अशा रानाकडेच्या गांवाचें नांव निघतांच तेथील लहान मूल आठवतें. चैत्रांत पहाटे मोहफुलें वेंचावयाचीं, वैशाखांत तेंदूपानें तोडून पुडे बांधावयाचे, असा या भागांतील गरिबांचा क्रम. आईबाप रानांत आणि धाकटें भावंड थोरल्या बहिणीच्या कडेवर! ती बहीण शाळेंत जाणार कशी, आणि कडेवरचें मूल शिकणार काय, हा आमचा प्रश्न आहे.

हाच प्रश्न एके काळीं रोम शहरांत उभा राहिला होता. सान लोरेंझो या मजूरवस्तींत आईबाप कामावर जात आणि मुलें मोकाट हिंडून भिंती खराब करीत. त्यांस सांभाळण्यासाठीं इ.स. १९०७ च्या जानेवारीच्या ६ तारखेस, म्हणजे तीन राजांच्या सणाच्या दिवशीं, एक बालगृह उघडण्यांत आलें. तें चालविण्याचें काम डॉ. मारिया माँटेसोरी यांजकडे आलें. या बाई जन्मानें व श्रद्धेनें कॅथलिक, व्यवसायानें वैद्य. मुलांस काय शिकवावें हें ठरविण्यापूर्वीं मूल काय करितें तें त्यांनीं वैद्याच्या नजरेनें पाहिलें. सुमारें तीन वर्षांची एक मुलगी लांकडी ठोकळ्याच्या भोंकांत निरनिराळ्या आकारांचे गोल तुकडे बसवीत होती. बाईंनीं इतर मुलांस गावयास लाविलें, तिला खुर्चीसकट उचलून मेजावर ठेविलें. तरी तिचें लक्ष ढळलें नाहीं. चाळिसाहून अधिक वेळां तेंच काम करून ती थांबली, तेव्हां ती दमलेली नव्हती, प्रसन्न होती.

या निरीक्षणांतून जीं तत्त्वें निघालीं तीं थोडक्यांत अशीं. मूल शिकण्याची ओढ घेऊनच जन्मास येतें. ती बाहेरून कोंबावी लागत नाहीं. त्याच्या उंचीचीं मेजें, त्याच्या हातास पेलतील अशीं साधनें त्याच्याभोंवतीं मांडावींत आणि त्यांतून काम निवडण्याची त्यास मुभा द्यावी. साधन असें असावें कीं चूक झाल्यास तें साधनच सांगेल. तुकडा भोंकांत बसला नाहीं तर कोणी रागावण्याची गरज उरत नाहीं. बक्षीस नको, छडीही नको. लहानमोठीं मुलें एकत्र असावींत, म्हणजे तीं एकमेकांपासून शिकतात. शिक्षकानें थोडें बोलावें, पुष्कळ पहावें.

हा विचार आपल्या देशांत रुजविणाऱ्यांत गिजुभाई बधेका अग्रभागीं होते. वकिली सोडून त्यांनीं भावनगरास दक्षिणामूर्ति संस्थेंत १९२० सालीं बालमंदिर काढिलें. तेथें त्यांस ताराबाई मोडक येऊन मिळाल्या, आणि १९२६ सालीं नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला. पुढें १९३६ सालीं ताराबाईंनीं मुंबईस दादर येथें शिशुविहार सुरू केला. माँटेसोरीबाई स्वतः १९३९ सालीं मद्रासेस आल्या. महायुद्धांत इटली शत्रुपक्षांत गेल्यानें त्यांस येथेंच अडकून पडावें लागलें आणि त्यांचे चिरंजीव मारिओ कांहीं काळ अहमदनगरच्या छावणींत स्थानबद्ध होते. तरीही बाईंनीं या देशांत शेंकडों शिक्षकांस तयार केलें.

पण एक अडचण होती. सुबक साधनांची शाळा शहरांतील सुखवस्तु घरांनाच परवडे. गरिबांच्या मुलांसाठीं निघालेली पद्धति गरिबांच्याच दारीं पोहोंचेना! ताराबाईंस हें सलत होतें. १९४५ सालीं त्या तेव्हांच्या ठाणें जिल्ह्यांतील बोर्डी येथें आल्या. सोबत अनुताई वाघ होत्या. मुलें शाळेंत येत नाहींत असें पाहून त्यांनीं शाळाच मुलांच्या अंगणांत नेली. शंख, शिंपले, खडे, बिया, पानें हींच साधनें झालीं. ‘अंगणवाडी’ हा शब्द या प्रयोगांतून आला. १९५७ सालीं हें कार्य कोसबाडच्या टेकडीवर वारली वस्तींत गेलें. तेथें पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकाच आवारांत ठेविलीं, म्हणजे धाकट्या भावास सांभाळणारी मुलगीही शिकूं शकली. जीं मुलें गुरें राखीत, त्यांच्यासाठीं कुरणशाळा निघाली. बालकाच्या मागें जाणें म्हणजे काय, तें येथें दिसलें.

१९७५ सालीं सरकारनें एकात्मिक बालविकास योजना काढिली, तेव्हां अंगणवाडी हें नांव देशभर गेलें. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेंही तीन ते आठ वर्षांच्या वयास खेळांतून शिक्षण असावें असें मानिलें आहे. नांव पोहोंचलें; तत्त्व किती पोहोंचलें, हें ज्यानें त्यानें आपल्या घरांत पहावें. तीन वर्षांच्या मुलाच्या हातीं पेन्सिल देऊन पाढे घोकविणें यालाच आम्हीही पुष्कळ दिवस शिक्षण समजत होतों, हें येथें कबूल केलें पाहिजे.

कोणी म्हणेल, मोकळीक दिल्यास आज्ञापालन कोठून येणार? शंका रास्त आहे. परंतु माँटेसोरीबाईंच्या बालगृहांत मुलें आपखुशीनें निःशब्द बसत आणि हलक्या आवाजांत आपलें नांव ऐकूं येईपर्यंत वाट पाहत. धाकानें गप्प बसलेलें मूल धाक जातांच ओरडतें. स्वतःवर ताबा मिळविलेलें मूल कोणी पाहत नसतांही शांत राहतें. ईश्वरानें मनुष्यास इच्छास्वातंत्र्य दिलें, असें आपण मानितों. तें स्वातंत्र्य बालपणींच चिरडून प्रौढपणीं सदाचाराची अपेक्षा करणें न्यायाचें नव्हे.

ताराबाई १९७३ सालीं व अनुताई १९९२ सालीं निवर्तल्या. दोघी आपल्या धर्माच्या नव्हत्या. पण अंगणांतील धुळींत बसून त्यांनीं जी सेवा केली, तिच्यापुढें आपण आदरानें नम्र व्हावें. चोरखमाऱ्यासारख्या गांवीं साधनांस काय तोटा? मोहाच्या बिया आहेत, तळ्याकांठची माती आहे, पानें आहेत. उणीव असेल तर खालीं बसून बालकाकडे पाहणाऱ्या मोठ्या माणसाची. या ज्युबिलीच्या वर्षीं आपल्यापैकीं कांहींजण तरी ती उणीव भरून काढोत, आणि कडेवर भावंड घेतलेल्या त्या बहिणीसाठींही शाळेचें दार उघडें राहो, अशी प्रभुचरणीं आमची प्रार्थना आहे.